तक्रार: साझ हॉपच्या स्टिकरखाली कॅस्केड हॉप निघाला आणि सिट्रा हॉपला चीजचा वास येतोय

नमस्कार,

हे पत्र कस्टमर केअरने उत्तर देऊन क्लोज करू नये, मालकांना वाचायला द्यावं. कस्टमर केअरशी माझं बोलून झालंय, चार वेळा, आणि चौथ्या वेळी तिथल्या मुलाने जे वाक्य ऐकवलं त्याच्यामुळेच मी रात्री अकरा वाजता किचनच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून हे टाईप करत बसलोय. तो म्हणाला, "सर, हॉप्स म्हणजे हॉप्स हो, शेवटी सगळे कडूच ना."

मी पुण्यात एका छोट्या मायक्रोब्रुअरीत ब्रुअर आहे, ५०० लिटरच्या चार टाक्या आहेत आमच्याकडे, तुमच्याकडून दीड वर्ष हॉप्स घेतोय, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलाची फुलं. २५ एप्रिलला ऑर्डर दिली, पाच किलो साझ, पाच किलो सिट्रा, पाच किलो मॅग्नम, सगळे पेलेट, म्हणजे दळून दाबलेल्या गोळ्या, पैसे पूर्ण ॲडव्हान्स. मॅग्नमबद्दल माझी काही तक्रार नाही, तो चांगला निघाला, हे आधीच सांगतो म्हणजे हा माणूस नुसता भांडायला बसलाय असं वाटायला नको.

आता साझ. ६ मेला आमची चेक स्टाईल पिल्सनर, म्हणजे फिकट सोनेरी लागर बिअर, लावली. मी त्या दिवशी मावसभावाच्या लग्नाला कोल्हापूरला होतो, ब्रू माझ्या असिस्टंटने केला, रेसिपी भिंतीवर लावलेली आहे, पाकिटावर साझ लिहिलंय, त्याने दोन किलो मोजून तीन हप्त्यांत टाकले. दुपारी त्याचा फोन आला होता, "दादा, आज उकळताना वास जरा संत्र्यासारखा येतोय," आणि मी मांडवात बँडच्या आवाजात ओरडून म्हणालो, असेल रे, नवीन पीक असेल. ही माझी चूक, मान्य. पण पाकिटावरच्या नावावर विश्वास ठेवला एवढीच चूक.

पिल्सनरला घाई चालत नाही, पाच आठवडे ती टाकी थंडीत नुसती उभी होती, त्या टाकीत दुसरं काही लावता आलं नाही. जूनच्या मध्यात उघडली. आमच्याकडे चाकणला कामाला आलेला एक चेक इंजिनियर दर शुक्रवारी येतो, तीन ग्लास पितो, मोजून, जास्त बोलत नाही. त्याने पहिल्या ग्लासचा एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, फेसाकडे बघितलं, परत एक घोट घेतला आणि मला बोलावून विचारलं की ही लेमोनेड कुठल्या देशाची. उरलेला ग्लास तसाच ठेवून गेला. दीड वर्षात पहिल्यांदा.

मग मी पिऊन बघितली. वरून ग्रेपफ्रूट, मागून कडवटपणा असा की जिभेच्या कडा आक्रसल्या. फ्रीजरमधून उरलेलं पाकीट काढलं, चार पेलेट तळहातावर घेऊन चुरडले आणि नाकाशी नेले. आपल्या पपनसाची साल नखाने सोलल्यावर जसा वास हाताला राहतो ना, डिट्टो तसा. साझचा वास असा नसतोच हो! साझ म्हणजे वाळलेलं गवत, थोडी मिरपूड, कुठेतरी फुलं, सगळं हळू आवाजात. मग पाकीट उलटंपालटं करताना दिसलं की तुमच्या स्टिकरचा एक कोपरा जरा जाड वाटतोय. बायकोचा हेअर ड्रायर आणला, दोन मिनिटं गरम हवा मारली, तुमचा 'साझ, चेक' लिहिलेला स्टिकर अख्खा निघाला आणि खाली मूळ कंपनीचा स्टिकर, कॅस्केड, अमेरिका, गेल्या वर्षीचं पीक, अल्फा ६.२ टक्के. फोटो सोबत जोडलेत, तुमचा स्टिकर पण प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय.

आता "सगळे कडूच ना" बद्दल. कडवटपणा येतो तो हॉपच्या फुलात पिवळी पावडर असते ना, ल्युप्युलिन, तिच्यातल्या अल्फा ॲसिडमुळे, आणि ते पण उकळल्यावर, तासभर उकळलं की त्याचं रूप बदलतं आणि ते बिअरमध्ये विरघळतं. वास येतो तेलांमुळे, आणि तेलं उकळताना उडून जातात, म्हणून वासाचे हॉप्स शेवटी टाकायचे किंवा नंतर थंड टाकीत ड्राय हॉप करायचे. मॅग्नममध्ये अल्फा १२ टक्क्यांच्या वर, वास मात्र बेताचा, म्हणजे आपली लवंगी मिरची, थोडी घातली की काम झालं. साझमध्ये अल्फा जेमतेम ३ ते ४ टक्के, तो त्याच्या वासासाठीच घ्यायचा, ती ब्याडगी. तुमच्या घरी कोणी ब्याडगीच्या मापाने लवंगी घातली तर त्या दिवशी जेवणाचं काय होईल सांगा. माझा हिशोब ३.५ टक्क्यांचा होता, दोन किलोत ७० ग्रॅम अल्फा, त्यातलं साधारण पाव बिअरमध्ये उतरतं, ५०० लिटरला ३५ आयबीयू, म्हणजे कडवटपणाचं माप. ६.२ वाला कॅस्केड त्याच मापाने पडला म्हणजे ६२. पिल्सनर ६२ आयबीयूची! आणि वर पपनस!

कॅस्केड वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, उलट माझा लाडका हॉप आहे तो. १९७२ मध्ये ओरेगनमध्ये सरकारी संशोधनातून बाहेर आला, इंग्लंडच्या फगल नावाच्या हॉपच्या घराण्यातला, आणि पुढे अमेरिकेच्या सगळ्या क्राफ्ट बिअरचा वास म्हणजे कॅस्केड असं समीकरण झालं. पेल एलमध्ये घाला, मी टाळ्या वाजवीन. पण साझ ही वेगळीच गोष्ट आहे, झातेत्स नावाचं चेक गाव आहे, जर्मनमध्ये त्यालाच साझ म्हणतात, तिथे शेकडो वर्षं हाच हॉप लावतात, २०२३ मध्ये युनेस्कोने त्या गावाला आणि आजूबाजूच्या हॉपच्या शेतांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पिल्झेनमध्ये १८४२ ला पहिली पिल्सनर झाली ती ह्याच हॉपवर. तुम्ही कर्नाटकचा आंबा देवगड हापूसच्या पेटीत भरून विकणाऱ्यांना एप्रिल-मेमध्ये शिव्या देत असाल ना? सगळेच देतो आपण. मग हे काय आहे? आणि पेटीतला आंबा निदान पिकला की कळतो, माझा आंबा पाच आठवडे स्टीलच्या टाकीत बंद होता.

सिट्राची कथा वेगळी. पिल्सनरचा हा घोळ झाल्यावर मी घाबरून सिट्राचं पाकीट पण उघडलं, आयपीएच्या (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची बिअर) ड्राय हॉपसाठी ठेवलेलं. हा खरा सिट्राच असावा, पण कधीचा? स्टिकरवर पीक वर्षच नाही. फॉइलचं पाकीट दगडासारखं घट्ट पाहिजे, हे उशीसारखं ढिलं, कोपऱ्यातल्या सीलमधून हवा शिरलेली. आतले पेलेट हिरवे पाहिजेत, हे खाकी, पोलिसांच्या युनिफॉर्मसारखे. आणि वास, देवा! सिट्रा म्हणजे आंबा, लिची, लिंबाची साल, ह्यासाठी तर लोक एवढे पैसे मोजतात, आणि इथे येतोय जुन्या चीजचा आणि पावसात भिजलेल्या मोज्यांचा. माझ्या असिस्टंटने वास घेऊन विचारलं, "दादा, हे कोणी वापरलेलं आहे का?"

हे का होतं ते तुमच्या गोडाऊनवाल्यांना माहीत असायला पाहिजे. हवा आणि उष्णता लागली की अल्फा मरतं, तेलं उडतात, आणि हॉपमधलीच ॲसिडं तुटून तो चीजसारखा वास तयार होतो. तापमान १५ डिग्रीने वाढलं की खराब व्हायचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून नायट्रोजन भरून पॅक करायचं आणि फ्रीजरमध्ये ठेवायचं. तुमचं पार्सल ट्रॅकिंगप्रमाणे २५ एप्रिलला भिवंडीहून निघालं, मध्ये वीकेंड आला, मग १ मेची सुट्टी आली, आणि ४ मेला पुण्यात पोचलं, नऊ दिवस, चाळीस डिग्रीत, साध्या खोक्यात, ना बर्फ ना थर्माकोल. पण नुसत्या नऊ दिवसांत खाकी रंग येत नाही, त्यामुळे त्याच्या आधी पण तो माल कुठेतरी उन्हाळे काढून आलाय असा माझा अंदाज आहे. आमच्याकडे आल्याआल्या उणे १८ वर ठेवलाय, फ्रीजरचं रजिस्टर आहे, हवं तर पाठवतो. बेल्जियममध्ये लॅम्बिक बिअरवाले मुद्दाम दोनतीन वर्षं जुने हॉप्स वापरतात हे मला माहितीये, पण ते जुने म्हणून घेतात, कोणी त्यांना ते ताजा सिट्रा म्हणून विकत नाही.

खोक्यात तुमचं एक चकचकीत कार्ड पण होतं, त्यावर लिहिलंय की आयपीएचा जन्म भारतात झाला. नाही झाला हो. ती इंग्लंडमध्ये व्हायची, आधी लंडनची हॉजसनची ब्रुअरी आणि मग बर्टनवाले, आणि तिथून जहाजाने मुंबईला नि कलकत्त्याला यायची, गोऱ्या साहेबांसाठी. आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिने लागायचे, लाकडी पिंपात, दोनदा विषुववृत्त ओलांडून, आणि तेव्हा हॉप्स भरपूर घालायचे ते बिअर टिकावी म्हणून. तेव्हाची बिअर केपला वळसा घालून पिण्यालायक पोचत होती आणि तुमचे हॉप्स भिवंडीहून खंडाळ्याचा घाट चढून येईपर्यंत मेले, ह्याचं मला खरंच हसू येतं, म्हणजे आज येतंय, त्या दिवशी नाही आलं.

कस्टमर केअरने मला दोन पर्याय दिले. एक म्हणजे पुढच्या ऑर्डरवर दहा टक्के सूट, ते राहू द्या. दुसरा, सिट्राच्या बदल्यात मोझॅइक किंवा सिमको, "सेम टू सेम आहे सर." सेम नाहीये. मोझॅइक सिमकोचीच मुलगी आहे पण आईसारखी नाही, तिच्यात ब्लूबेरीसारखं काहीतरी आहे, आंबा आहे, मागे थोडी माती. सिमकोमध्ये पाइनचं लाकूड आणि डिंक, आणि जास्त झाला तर मांजराचा वास येतो, खोटं वाटत असेल तर कुठल्याही ब्रुअरला विचारा. न्यूझीलंडचा नेल्सन सोविन पाठवला असता तर त्याला व्हाईट वाईनसारखा वास, जपानचा सोराची एस तर लिंबू आणि शेपू, शेपू! माझ्या मेन्यूवर 'मँगो-लिची आयपीए' छापलंय, शेपूची भाजी नाही. आंबेमोहोर मागितला तर इंद्रायणी देऊन कोणी म्हणतं का की भातच आहे ना, खा. इंद्रायणी पण चांगलाच असतो, प्रश्न तो नाहीये.

आमचे मालक वैतागून म्हणाले की मग आपणच लावू की मुळशीला, जागा पडलीये. त्यांना समजावायला मला अर्धा तास लागला की हॉपच्या वेलाला उन्हाळ्यात चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो आणि हिवाळ्यात कडक थंडी, म्हणून तो बव्हेरियात हॅलरटाऊला होतो, अमेरिकेत याकिमाला होतो, आपल्याकडे हिमाचलमध्ये लाहौलला होतो, आणि पुण्यातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. मुळशीला वेल येईल कदाचित, फुलं किती येतील देव जाणे. म्हणजे आम्ही तुमच्यासारख्यांवरच अवलंबून आहोत आणि हे तुम्हाला माहितीये म्हणून हे असं चालतं.

तर मला काय पाहिजे. साझ आणि सिट्रा दोन्हीचे पूर्ण पैसे परत, क्रेडिट नोट नको, बँकेत. त्या ५०० लिटरचं धान्य, यीस्ट आणि पाच आठवडे अडकलेली टाकी ह्याचं बिल वेगळं जोडलंय, त्याच्यावर बोलायला मी तयार आहे, पण "पॉलिसीत बसत नाही" हे ऐकायला तयार नाहीये. साझचा स्टिकर कॅस्केडवर कोणी आणि का लावला ह्याचं लेखी उत्तर, चुकून लागला म्हणालात तर बाकी कोणाकोणाला तसली पाकिटं गेली ते पण सांगा, कारण पुण्यातल्या अजून दोन ब्रुअरना मी विचारलं आणि त्यातला एक आता त्याच्या फ्रीजरसमोर हेअर ड्रायर घेऊन उभा आहे. आणि इथून पुढे प्रत्येक पाकिटाबरोबर त्या लॉटचा लॅब रिपोर्ट, पीक वर्ष आणि अल्फासकट, मूळ कंपनीचा स्टिकर उघडा ठेवून.

पंधरा दिवस वाट बघतो, मग ग्राहक आयोगात जातो, कागद तयार आहेत.

साझ नावाचा कॅस्केड तीन किलो उरलाय आणि सिट्रा जवळजवळ पाच किलो, दोन्ही फ्रीजरमध्ये वरच्या कप्प्यात, तुमचं नाव लिहून ठेवलेत. घ्यायला माणूस पाठवा, सोमवार सोडून कधीही, सकाळी दहाच्या नंतर. येताना आइसबॉक्स घेऊन येऊ दे.

तुमचा ग्राहक (अजून तरी),
एक ब्रुअर, पुणे