क्विक रॅक घेण्याआधी मिलिमीटर मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या वाहन पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स कारला ‘क्विक रॅक’ बसवण्याबद्दलचा लेख वाचला. रॅक म्हणजे चाकं वळवणारा दातेरी दांडा, आणि क्विक रॅक म्हणजे स्टिअरिंगचं चक्र तितकंच फिरवून चाकं जास्त वळवणारा. मराठीत या विषयावर कोणी लिहितं, याचा आनंद वाटला. पण त्यातलं एक वाक्य दुरुस्त व्हायलाच हवं. ‘लॉक टू लॉक फेऱ्या जितक्या कमी, तितका रॅक वेगवान’ असं त्यात म्हटलं आहे (लॉक टू लॉक म्हणजे चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत). यावर भरवसा ठेवून रॅक घेतला तर पैसे वाया जाऊ शकतात.

फेऱ्या दोन कारणांनी कमी होतात. एक तर पिनिअनच्या (चक्राच्या शाफ्टला जोडलेल्या, रॅक सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) एका फेरीत रॅक जास्त सरकतो, म्हणजे तो खरोखर वेगवान असतो. नाहीतर रॅकची एकूण चालच (सरकण्याचं अंतर) कमी असते. समजा, एका रॅकची चाल १४५ मिमी आणि फेऱ्या ३.३ आहेत. दुसऱ्याची चाल १२३ मिमी आणि फेऱ्या २.८ आहेत. भागून पाहा, दोन्हीकडे एका फेरीला ४४ मिमीच येतात. दुसरा रॅक बसवला तर गाडी जराही चपळ होणार नाही, उलट यू-टर्नला जास्त रस्ता लागेल. म्हणून रॅक टेबलावर धरा, मध्यावर आणा, पिनिअन बरोबर एक फेरी फिरवा आणि रॅकचं टोक किती सरकलं ते व्हर्निअरने मोजा. दोन मिनिटांचं काम आहे. हाच आकडा जुन्या रॅकचाही काढा आणि मगच खिशात हात घाला.

उदाहरण पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५चं घेऊ. ही १९८९ साली आलेली दोन आसनी गाडी माझदाने भारतात अधिकृतपणे विकली नाही, पण परदेशातल्या मराठी वाचकांना ती सहज मिळते. तिच्या मॅन्युअल रॅकचा रेशो सुमारे १८ला १ आहे, पॉवर रॅकचा (तेलाच्या दाबाने मदत करणाऱ्या) सुमारे १५ला १. चक्र ९० अंश फिरवलं की पहिल्यात चाक ५ अंश वळतं, दुसऱ्यात ६. म्हणूनच पॉवर रॅक आणून त्याची पॉवर काढून टाकण्याचा मार्ग तिथे लोकप्रिय आहे. रॅकसोबत त्याचे रबर बुश आणि क्लॅम्पही घ्यावेत.

पण याची किंमत हातांना मोजावी लागते. १८वरून १५वर आलं की चक्र २० टक्के जड होतं. त्यात हौसेने ३७० मिमीऐवजी ३३० मिमीचं चक्र लावलं, तर एकूण जडपणा मूळच्या एक-तृतीयांशाने वाढतो. रुंद टायर असतील तर पार्किंग करताना घाम फुटतो. दोन्ही बदल एकदम करू नयेत.

पॉवर काढताना सर्रास चूक होते. पंप काढतात आणि रॅकच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून मोकळे होतात. आत रॅकच्या दांड्यावर पिस्टन आणि त्याचं सील तसंच राहतं. दर वळणाला ते तेल इकडून तिकडे ढकलतं आणि चक्र झटकन फिरवलं की हाताला अडकल्यासारखं लागतं. योग्य रीत अशी: रॅक पूर्ण खोला, पिस्टनवरचं सील कापून काढा, जुनं तेल पुसा, दात आणि पिनिअनला ग्रीस भरा, नळ्यांची तोंडं बंद करा. तेल गेल्यावर वंगण उरत नाही, त्यामुळे ग्रीसमध्ये कंजुषी नको. पिनिअनच्या वरच्या भागात टॉर्शन बार असतो, तो किंचित पिळतो आणि चक्राला थोडा प्ले (ढिलेपणा) राहतो. तो घालवायला काही जण तिथे वेल्डिंग करतात. आमचं स्पष्ट मत आहे, रस्त्यावरच्या गाडीत हे करू नये. उष्णतेने शाफ्टचं पाणी उतरतं, आणि स्टिअरिंगचा शाफ्ट तुटला तर दुसरा उपाय हाती नसतो.

दुसऱ्याच मॉडेलचा रॅक घालणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. आतल्या दोन बॉल जॉइंटमधलं अंतर आणि रॅकची उंची मूळच्याइतकीच हवी. ती चुकली की खड्ड्यावरून जाताना चाकं आपोआप वळतात, यालाच बम्प स्टिअर म्हणतात. रॅक वेगवान असेल तर ते हाताला जास्त जाणवतं. स्प्रिंग काढून चाक जॅकने दर १० मिमीला वर-खाली करा आणि प्रत्येक ठिकाणी टो (चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) मोजा. आणि एक्सलच्या मागे बसणारा रॅक तसाच पुढे लावला, तर चक्र डावीकडे फिरवल्यावर गाडी उजवीकडे वळते.

बसवताना पहिलं काम सेंटरिंग. रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, फेऱ्या मोजा, निम्म्यावर खूण करा. चक्र सरळ बांधून ठेवा आणि मगच शाफ्ट जोडा. एअरबॅग असेल तर चक्र मोकळं फिरू देऊ नका, आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची गुंडाळलेली तार) तुटते. शाफ्टच्या जोडाचा पिंच बोल्ट (जोड आवळून धरणारा) हाताने सरळ आत गेला पाहिजे. पिनिअनवर त्याच्यासाठी खाच असते. शाफ्ट पुरेसा खोल गेला नसेल तर बोल्ट त्या खाचेत न बसता कडेला अडतो. तिथे हातोडी किंवा पाना चालवू नका, शाफ्ट पुन्हा बसवा. सेंटर चुकला तर अलाइनमेंटवाला टायरॉड (रॅक आणि चाक जोडणारा दांडा) एका बाजूला जास्त फिरवून चक्र सरळ करून देतो, पण गाडी एका बाजूला कमी वळत राहते.

टायरॉड एन्ड पुलरने काढा. कॅसल नट (पिनेसाठी खाचा असलेला) घट्ट केल्यावर पिनेचं भोक जुळलं नाही, तर नट सैल करू नये, पुढच्या खाचेपर्यंत आवळावा. कॉटर पिन दर वेळी नवीन हवी. मग दोन्ही लॉकला, चाक लटकतं आणि जमिनीवर टेकलेलं असताना, ब्रेक होज ताणला जातो का आणि टायर कुठे घासतो का ते पाहा. टो शून्य किंवा १ मिमी आत ठेवा, टो-आउटने अशी गाडी सरळ रस्त्यावर भिरभिरते.

कायद्याचंही लेखात यायला हवं होतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत असे फेरफार करायला मनाई आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. इथे असा रॅक फक्त ट्रॅकच्या गाडीत लावावा.

पहिल्या १०० किमीनंतर गाडी पुन्हा जॅकवर घ्या आणि टायरॉडचे चेक नट, क्लॅम्पचे बोल्ट तपासा. वळणानंतर चक्र आपोआप सरळ होत नसेल तर रॅकचा अॅडजस्टिंग नट जास्त आवळला आहे. खड्ड्यात टक-टक वाजत असेल तर तो सैल आहे. एका वेळी थोडासाच फिरवा, चालवून पाहा, मग पुन्हा फिरवा.

आपले,
स्टिअरिंग-सस्पेन्शनचं काम करणारे दोन मेकॅनिक,
भोसरी, पुणे