सोप्यावर बसून राहिलेल्या मावशींना

मावशी, प्रभू येशूच्या नावात सलाम.

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "असू दे की" म्हणत चहा ठेवायला उठला असता. म्हणून हे मंडळीतल्या सगळ्यांच्या देखत लिहितोय.

गेल्या आषाढात दादा गेला. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, कबरेतलं पाणी उपसून मग त्याला ठेवावं लागलं. आम्ही सहा वर्षं बोललो नव्हतो. दोन खाचरांमधला बांध मी एका पावसाळ्यात हातभर त्याच्या बाजूला सरकवला आणि चार माणसांत, बांध पहिल्यापासून इथंच आहे, असं शपथेवर सांगितलं. त्यानंतर रविवारी आम्ही एकाच चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसायचो. प्रभुभोजनालाही तसेच जायचो. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

माती देताना मला रडू आलं नाही. पुढेही नाही. लोक येत होते, "तो प्रभूकडे गेला, रडायचं नाही" म्हणत होते, "देवाची इच्छा" म्हणत होते. त्यांचं मन चांगलंच होतं. पण प्रत्येक शब्दानिशी मी आणखी आत मिटत गेलो. मेलेला मित्र लाजर, त्याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला, आणि तेही थोड्या वेळात त्याला उठवणार हे माहीत असताना. मग ख्रिस्ती माणसानं रडायचं नाही, हे आपण कुठून आणलं?

तुम्ही आलात आणि सोप्यावर नुसत्या बसलात. दुसऱ्या दिवशीही तसंच. बायबलमधल्या ईयोबावर दुःख कोसळलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले होते. पुढे तोंड उघडलं तेव्हा त्यांनी घोळ केला, पण ते सात दिवस त्यांचे खरे होते. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून बांधाची गोष्ट बाहेर पडली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ दे, भावाभावांत होतंच. तुम्ही म्हणालात, "होय, तू पाप केलंस. आता त्याचं काय करायचं ते बघू."

मावशी, त्या 'होय'नं मला वाचवलं. माझं पाप कुणीतरी पहिल्यांदा खरं मानलं, आणि मानूनही माझ्याजवळून उठून गेलं नाही.

मग तुम्ही यहूदा आणि पेत्र या येशूच्या दोन शिष्यांची गोष्ट काढलीत. दोघांनीही त्याच एका रात्री गुरूला दगा दिला. यहूदानं तर 'मी पाप केलं' अशी कबुली दिली, तीस नाणी परत नेऊन टाकली. फक्त ज्याचा अपराध केला त्याच्याकडे तो गेला नाही, एकटाच आपल्या दुःखात संपला. पेत्र ढसाढसा रडला आणि तरीही इतर शिष्यांमध्ये राहिला. योहान सांगतो की पेत्रानं कोळशाच्या शेकोटीपाशी येशूची ओळख नाकारली होती, आणि पुनरुत्थानानंतर येशूनं पुन्हा कोळशाच्या विस्तवापाशीच त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? नाकारलंही तीनदाच होतं. जखम नेमकी तिथंच उघडली, पण हात बरं करणाऱ्याचा होता.

आपल्या 'पश्चात्ताप' शब्दात नुसता ताप ऐकू येतो, मागाहून होणारी जळजळ. मी वर्षानुवर्षं तेवढंच समजत होतो. जुन्या करारातला इब्री शब्द साधा आहे: माघारी फीर. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो तेही हेच, देवाला आवडणारं दुःख माणसाला वळवतं आणि जगाचं दुःख मरणाकडे नेतं. बेळगावात १८२० साली लंडन मिशनचं काम सुरू झालं, तेव्हापासून किती उपदेशकांनी हे सांगितलं असेल. मला ते सोप्यावर कळलं, तुमच्या तोंडून.

"दादा गेला, आता कुणाकडे फिरू?" असं मी विचारलं. "वहिनी आहे की," तुम्ही म्हणालात. वेदीशी अर्पण आणलंय आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं, हे डोंगरावरच्या प्रवचनातलं वचन मला पाठ होतं. पाय मात्र तुम्ही लावलेत. रविवारच्या सकाळी, उपासनेच्या आधी.

वहिनी दारात उभी होती. माहेरची कन्नड, रागातही आणि मायेतही तिची तीच भाषा बाहेर पडते. मी काही बोलायच्या आत "बर्री, भावोजी" म्हणाली, म्हणजे या. मी उंबऱ्यातच बसलो आणि रडलो. दादासाठी, बांधासाठी, सहा वर्षांसाठी. तुम्ही मागे उभ्या होतात, डोक्यावर छत्री धरून.

शोक करणारे धन्य हे येशूचे शब्द मला क्रूर वाटायचे. कसले धन्य? ग्रीकमध्ये तिथं सांत्वनासाठी जो शब्द आहे त्यात जवळ बोलावण्याचा अर्थ आहे, आणि त्याच धातूतून पवित्र आत्म्याचं ते नाव आलंय ज्याला आपलं मराठी शास्त्र 'कैवारी' म्हणतं. कैवारी म्हणजे आपली बाजू घेणारा. माझी बाजू खोटी होती, मावशी. तरी तो आला, पापाचा कैवार घ्यायला नव्हे, माझा घ्यायला. हे मी अजून पुरतं समजलेलो नाही, पण त्या उंबऱ्यावर ते मला मिळालं.

दुःख गेलेलं नाही. दादाला 'चुकलो' म्हणायचं राहिलं ते राहिलंच. चर्चमध्ये त्याच्या रिकाम्या बाकाकडे बघवत नाही, म्हणून आता मी त्याच बाकावर बसतो.

बांध पेरणीआधी मागे घेतला, त्याच चार माणसांना बोलावून. त्या पट्टीतलं यंदाचं बासमती वहिनीनं सडून ठेवलंय, तुमच्या वाटणीचं वेगळं बांधलंय. रविवारी उपासनेनंतर घेऊन येतो. चहा ठेवा.

तुमचा,
खानापूरचा लेक