आई-बाबा, कोर्ट तुमच्यावर संशय घेत नाहीये

प्रिय आई आणि बाबा,

नाशिकच्या फ्लॅटचे कागद, बाबांचं पासबुक, लॉकरमधल्या दागिन्यांची यादी हे सगळं मी माझ्या घटस्फोटाच्या केससाठी मागितलं तेव्हापासून तुम्ही दोघंही गप्प गप्प आहात, फोनवर कळतं मला. बाबांना वाटतंय जन्मभर सरळमार्गी नोकरी केली आणि आता परक्या देशातलं कोर्ट आपला हिशोब तपासणार. तसं अजिबात नाहीये बाबा. फोनवर मला भरून येतं आणि अर्धवटच सांगून होतं म्हणून नीट लिहून पाठवतेय, दोघांनी मिळून वाचा.

इकडे कॅलिफोर्नियात घटस्फोट मागितला की चूक कोणाची हे कोर्ट बघतच नाही, १९७० पासून तसाच कायदा आहे. आम्हाला मूल नाही, त्यामुळे प्रश्न उरतो फक्त पैशाचा. लग्नापासून वेगळं झाल्याच्या तारखेपर्यंत दोघांनी जे कमावलं ते निम्मं निम्मं, मग ते कोणाच्या का नावावर असेना. पण वाटणी करायची तर आधी आहे किती ते दोघांनाही कळायला हवं ना, आणि ते कागदोपत्री काढून घ्यायची जी पद्धत आहे ती म्हणजे डिस्कव्हरी.

त्याच्या आधीची एक पायरी सक्तीची असते. केस टाकल्यापासून ६० दिवसांत मी माझी सगळी माहिती नवऱ्याला द्यायची, आणि त्याने उत्तर दाखल केलं की त्याच्यासाठी पण तसेच ६० दिवस. एफएल-१४२ नावाचा फॉर्म आहे, त्यात घर, गाडी, दागिने, बँक खाती, विमा, शेअर, रिटायरमेंटचे पैसे, कर्ज सगळं लिहायचं, कधी घेतलं, आज किंमत किती, त्यावर देणं किती. जे माझं एकटीचं आहे ते पण लिहायचं, फक्त स्वतंत्र म्हणून खूण करायची. सही शपथेवर असते. आणि बाबा, हा फॉर्म कोर्टाच्या फाईलला लागत नाही, तो दुसऱ्या बाजूला जातो, कोर्टाला फक्त दिल्याचं कळवायचं, त्यामुळे तुमचं पासबुक कुठे चव्हाट्यावर येतंय असं समजू नका.

आई, तू म्हणालीस लॉकरचं कशाला सांगतेस, त्यांना काय कळणार आहे, हवं तर काकूकडे ठेवू. तुझी माया कळते मला, पण असं नको करूस. केसचे कागद हातात पडले की आम्हा दोघांनाही मालमत्ता हलवायला, लपवायला, विकायला बंदी असते. आणि लपवल्यावर काय होतं ते ऐक. इथलीच रॉसी म्हणून केस आहे. १९९६ च्या डिसेंबरमध्ये बायकोला ऑफिसातल्या सहकाऱ्यांबरोबर लॉटरी लागली, तिच्या वाट्याला १३ लाख डॉलरच्या वर रक्कम, वीस वर्षांत हप्त्याने मिळणार. तिने नवऱ्याला सांगितलं नाही, जानेवारीत घटस्फोटाची केस टाकली, फॉर्ममध्ये लॉटरीचा उल्लेखच नाही, आणि लॉटरीची पत्रं नवऱ्याला दिसू नयेत म्हणून पत्ता दिला स्वतःच्या आईचा. पुढे एका कंपनीचं पत्र चुकून नवऱ्याच्या हाती पडलं आणि सगळं उघड झालं. सांगितलं असतं तर निम्मे तरी तिचे राहू शकले असते, कोर्टाने सगळेच्या सगळे नवऱ्याला दिले आणि २००१ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. हे वाचल्यापासून मला सारखी तुझीच आठवण येतेय आई, त्या बाईच्या आईलाही मुलीचं भलंच हवं असणार.

उलट उघड सांगण्यातच माझा फायदा आहे. आईवडिलांनी फक्त मला दिलेली भेट किंवा वारसाने आलेलं ते वाटणीत येत नाही, माझंच राहतं. फक्त ते तसं आहे हे दाखवता यायला हवं. बाबांच्या खात्यावर माझं नाव दुसरं आहे, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं, त्यामुळे कागदावर बघणाऱ्याला ते माझंही खातं वाटणार. पण पासबुकात दर महिन्याला पेन्शन जमा झालेली दिसली, आणि एफडी त्याच पैशातून झाली हे दिसलं, की कोणी काय बोलणार? सासरकडून आलेल्या पाटल्यांचं काय ते माझ्या वकीलबाई बघतायत, त्यात तुम्ही पडू नका.

आणि हे एकतर्फी नाही हं. आम्ही पण त्याला लेखी प्रश्न पाठवलेत, साधारण ३० दिवसांत शपथेवर उत्तरं द्यावी लागतात. त्याच्या कंपनीचे जे शेअर लग्नाच्या काळात मंजूर झाले पण हातात पुढे येणार आहेत त्यांचा हिशोब त्याने दिला नाही तर थेट कंपनीला सबपीना, म्हणजे कागद हजर करण्याचा हुकूम, जाईल. माझं डिपॉझिशन होईल असं वाटतंय, म्हणजे त्याचे वकील समोर बसून विचारणार, शपथेवर उत्तर द्यायचं, कोर्ट रिपोर्टर शब्द न् शब्द टाइप करणार. वकीलबाई म्हणतात विचारलं तेवढंच सांगायचं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, अंदाजाने ठोकून द्यायचं नाही. त्याची भीती नाही वाटत मला, कारण लपवण्यासारखं काही नाहीच आणि तसंच राहू दे.

बाबा, हे फक्त अमेरिकेत चालतं असंही नाही. आपल्याकडे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनीश विरुद्ध नेहा या केसमध्ये सांगितलंय की पोटगीच्या केसमध्ये दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. म्हणजे नाशिकच्या कोर्टात पोटगीचा प्रश्न असता तरी पासबुक काढावंच लागलं असतं.

फॅमिली ग्रुपवरचे आणि त्याच्याबरोबरचे जुने मेसेज कोणीही डिलीट करू नका, कितीही मनाला लागणारे असले तरी. त्याच्या आईला फोन करायचा नाही, आई प्लीज, बोललेलं सगळं उद्या प्रश्न होऊन माझ्यासमोर येतं.

आता मला हवंय ते एवढंच: पासबुकाची लग्नाच्या आधीच्या वर्षापासूनची पानं, एफडीच्या पावत्या, माझ्या नावाच्या एलआयसी पॉलिसीची आजची सरेंडर व्हॅल्यू, फ्लॅटचं इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), आणि सराफाच्या पावत्या, त्या कपाटात आईच्या साड्यांखालच्या डब्यात असतील. दादाला सांगा मोबाईलवर स्कॅन करून पाठवायला, तारीख आणि शिक्का वाचता आला पाहिजे, आणि पावतीच्या मागे काही लिहिलेलं असेल तर मागची बाजू पण.

तुमची,
मनू