पाहणी दुकानात, खरेदी फोनवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चष्म्याच्या दुकानात जायचं, सात-आठ फ्रेम नाकावर चढवून आरशात बघायच्या, चेहऱ्याला कोणती शोभते आणि नंबर जास्त असल्यावर कोणती टाळावी हे दुकानदाराकडून नीट समजून घ्यायचं, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणत बाहेर पडायचं आणि पायऱ्या उतरता उतरता तीच फ्रेम फोनवर मागवायची. हे मी स्वतः केलं आहे, त्यामुळे इतरांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. या प्रकाराला ‘शोरूमिंग’ असं गोंडस नाव आहे. साध्या मराठीत फुकटेपणा.

ऑनलाइन वस्तू बरेचदा स्वस्त पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुकानाचं भाडं, वीज, मदतनिसाचा पगार हा खर्च दुकानदार करतो आणि त्याचा उपयोग आपण दुसऱ्याच्या मालाची पारख करायला करतो. शिवाय गेलेला पैसा परत गावात फिरत नाही. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात २००२ साली झालेल्या एका अभ्यासात स्थानिक दुकानात खर्चलेल्या १०० डॉलरमागे ४५ डॉलरची उलाढाल तिथेच होते, साखळी दुकानात मात्र १३ डॉलरचीच, असं दिसलं. ही तुलना ऑनलाइनशी नव्हती, हे खरं. कारण मात्र तेच आहे: जवळच्या दुकानदाराचा हिशेबनीस, सुतार, पाटी रंगवणारा हे सगळे जवळचेच असतात.

फ्रान्सने पुस्तकांच्या दुकानांसाठी कायदाच केला. २०१४ मध्ये तिथे पुस्तकं मोफत घरपोच देण्यास बंदी आली, तर बड्या ऑनलाइन विक्रेत्यांनी घरपोच सेवेचा दर एक सेंटिम ठेवला! (एक युरोचे शंभर सेंटिम.) शेवटी ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोच्या आतल्या नव्या पुस्तकांच्या मागणीवर किमान ३ युरो आकारणं सक्तीचं झालं. असा कायदा सगळीकडे हवा, असं मी म्हणणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, बाजारापासून दूर राहणाऱ्याला घरपोच वस्तू म्हणजे मोठा आधार आहे. जी वस्तू जवळपास मिळतच नाही, ती खुशाल मागवावी. माझं म्हणणं एवढंच, की ज्याचा वेळ आणि ज्ञान वापरलं, खरेदीही त्याच्याकडेच करावी. शंभर-दोनशे जास्त गेले तरी.

माझ्या त्या फ्रेमची काडी चार महिन्यांत सैल झाली, चष्मा नाकावरून घसरू लागला. परत पाठवण्याची मुदत कधीच उलटून गेली होती. नाइलाजाने त्याच दुकानात गेलो. फ्रेम आपल्याकडची नाही, हे त्याने हातात घेताच ओळखलं असणार. काही बोलला नाही. स्क्रू घट्ट केला, काडी जरा गरम करून कानामागे वळवून दिली. पैसे विचारले तर म्हणाला, ‘राहू द्या.’ घेतले असते तर बरं वाटलं असतं.

आपला,
एक वाचक