'बॉम्बरमॅन' नक्की कोणाचा?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार. आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या व्हिडिओ गेमवरचा लेख आवडीने वाचला. मात्र त्यात 'बॉम्बरमॅन' हा गेम कोनामी कंपनीने तयार केल्याचे छापले आहे, आणि तो ज्यांनी खरोखर घडवला त्या हडसन सॉफ्टचे नाव लेखात एकदाच, तेही 'दिवाळे निघालेल्या' कंपन्यांच्या ओळीत आले आहे. ही दोन्ही विधाने चुकीची असल्याने हे पत्र लिहीत आहे.

हडसनची स्थापना मे १९७३ मध्ये जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर, साप्पोरो शहरात, युजी आणि हिरोशी कुदो या भावांनी केली. सुरुवातीला तिथे हौशी रेडिओचे साहित्य विकले जाई. नाव मात्र आले रेल्वेच्या वेडातून. पुढे चार, मध्ये सहा आणि मागे चार चाके असलेल्या वाफेच्या इंजिनाला रेल्वेच्या परिभाषेत 'हडसन' म्हणतात, आणि जपानचे प्रसिद्ध सी ६२ इंजिन याच रचनेचे होते. होळकरांनी कर्ज देऊन बांधवून घेतलेल्या खंडवा मार्गावरची मीटरगेज गाडी पाहण्यासाठी मुद्दाम पाताळपाणीला जाणाऱ्या आम्हा इंदूरकरांना हे वेड समजावून सांगण्याची गरज नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कंपनी संगणकाच्या प्रोग्रॅमकडे वळली. निन्तेन्दो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम हे घरगुती गेमयंत्र बाजारात आणल्यावर त्यासाठी गेम तयार करणारी पहिली बाहेरची कंपनी हडसनच ठरली. १९८४ मधला तिचा 'लोड रनर' (मूळ गेम अमेरिकन, फॅमिकॉमवर तो हडसनने आणला) दहा लाखांहून अधिक खपला. 'बॉम्बरमॅन' १९८३ साली आधी घरगुती संगणकांवर आला आणि १९८५ मध्ये फॅमिकॉमवर. कोनामीचा तेव्हा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

माझ्या पिढीने हे सर्व पाहिले ते नव्वदच्या दशकात, '९९९९९९९ इन १' असे लिहिलेल्या नकली कॅसेटवर. रामबागेत मावसभावाच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कॅसेटच्या तोंडात फुंकर मारून ती गेमयंत्राच्या खाचेत बसवत असू. पडद्यावर गेमची यादी येई, पण ते कोणी केले हे त्या यादीत कुठेच नसे. पुढे मावसभावाला कुठूनशी एकट्या 'बॉम्बरमॅन'ची कॅसेट मिळाली. त्यात हरल्यावर वीस अक्षरांचा पासवर्ड मिळत असे, तो आम्ही गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेत होतो आणि एखादे अक्षर चुकीचे वाचल्याबद्दल एकमेकांशी भांडत होतो. पन्नासावा टप्पा पार झाल्यावर मात्र इंग्रजीत एक मजकूर आला: बॉम्बरमॅन आता माणूस झाला आहे, आणि हडसन सॉफ्टच्या दुसऱ्या एका गेममध्ये तुम्ही त्याला कदाचित ओळखाल. तो दुसरा गेम म्हणजे 'लोड रनर'. त्यात पाठलाग करणाऱ्या यंत्रमानवाचेच चित्र बॉम्बरमॅनसाठी वापरले होते, आणि माणूस झाल्यावर तो त्या गेममधला पळणारा नायक होतो. आपली एक जुनी आकृती दुसऱ्या गेममध्ये वापरून तिच्याभोवती गोष्ट रचण्याची ही काटकसर मला आजही फार मोहक वाटते. हडसनचे नाव मी प्रथम वाचले ते त्या पडद्यावर.

आता 'दिवाळ्या'विषयी. हडसनने १९८७ मध्ये एनईसी या जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीबरोबर पीसी इंजिन हे गेमयंत्र आणले, त्याच्या मुख्य चिप हडसनच्याच होत्या, आणि पुढच्याच वर्षी त्याला सीडी ड्राइव्हची जोड मिळाली, जी तोवर कोणत्याही घरगुती गेमयंत्राला नव्हती. १९९८ पासूनचे 'मारिओ पार्टी' या गेममालिकेचे पहिले आठ मुख्य भागही निन्तेन्दोसाठी हडसननेच तयार केले. पण १९९७ च्या नोव्हेंबरात होक्काइदो ताकुशोकु बँक बुडाली आणि हडसनची मुख्य बँक तीच होती. भांडवलाची दुसरी सोय करण्यासाठी कंपनीला २००० मध्ये शेअरबाजारात उतरावे लागले. २००१ मध्ये कोनामी तिची सर्वांत मोठी भागधारक झाली, २००५ मध्ये बहुसंख्य हिस्सा तिच्याकडे गेला, एप्रिल २०११ मध्ये संपूर्ण मालकी, आणि १ मार्च २०१२ रोजी हडसन कोनामीच्या उपकंपनीत विलीन झाली. याला दिवाळे म्हणत नाहीत. बुडाली ती बँक. हडसनचे गेम, त्यांचे हक्क आणि बॉम्बरमॅन हे सारे मालमत्ता म्हणून कोनामीकडे गेले, म्हणून आजच्या गेमवर कोनामीचे नाव दिसते आणि ते कायद्याने योग्यही आहे.

परंतु हक्क विकत घेतले म्हणजे निर्मितीचे श्रेयही विकत घेतले, असे होत नाही. घर विकले गेल्यावर नव्या मालकाची पाटी लागते, तरी ते बांधणाऱ्याचे नाव विचारल्यास आपण नव्या मालकाचे सांगत नाही. नकली कॅसेटवाल्यांनी हडसनचे नाव गाळले ते समजू शकते, त्यांना नाव नकोच होते. वृत्तपत्राची गोष्ट वेगळी आहे.

तेव्हा पुढील रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती: 'बॉम्बरमॅन' हडसन सॉफ्टने १९८३ मध्ये तयार केला, आणि ही कंपनी २०१२ मध्ये कोनामीत विलीन झाली.

आपला,
एक नियमित वाचक,
रामबाग, इंदूर