शहाबादी फरशीवर घण घालू नका

महोदय,

शहरातील एका महाविद्यालयात जुन्या व्हरांड्याची शहाबादी फरशी उखडून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या जात आहेत. निघालेले तुकडे ट्रॉलीने भरावाला चालले आहेत. माझे आयुष्य फरशी बसवण्यात गेले, त्यामुळे ते बघवत नाही.

सोलापूरच्या पायाखाली सगळा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. जोत्याला, पायरीला त्याच्यासारखा दगड नाही. पण त्याची पातळ सपाट फरशी सहज निघत नाही. शहाबादची निघते. १८६० मध्ये सोलापुरात रेल्वे आली, १८७१ मध्ये ती रायचूरला पोचली, आणि शहाबाद त्याच मार्गावर. तिथला दगड म्हणजे उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचलेला चुन्याचा गाळ, म्हणून खाणीत पहार घातली की तो थरावरच सुटतो. तो समुद्र शंखशिंपल्यांचे प्राणी जन्मण्याआधीचा. फरशीत शिंपला शोधून सापडायचा नाही. काही फरश्यांवर करवतीच्या दात्यांसारखी बारीक नागमोडी रेघ असते. ती तडा नव्हे. वरच्या थरांच्या दाबाने तिथला चुना विरघळला आणि न विरघळणारी माती मागे राहिली, तिची ती रेघ. गिऱ्हाइके अशी फरशी नको म्हणत. मी समजावून सांगे आणि दर्शनी भागात तीच बसवे.

चुनखडीच ती, त्यामुळे अ‍ॅसिड पडले की फेस येतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तरीही शाळा-कॉलेजांत सर्रास अ‍ॅसिडने धुतात. कडाप्पाचेही तेच, ओट्यावर लिंबू सांडले तरी डाग पडतो. इलकलच्या गुलाबी ग्रॅनाइटला मात्र काही होत नाही. त्यात गारगोटीचे आणि फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे कण असतात, वय दोनशे कोटी वर्षांहून जास्त. दुकानात ब्लॅक ग्रॅनाइट म्हणून मिळतो तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो, आपल्या काळ्या दगडाच्याच जातीचा, फक्त जमिनीखाली सावकाश थंड झालेला. हे सारे एखाद्या कॉलेजच्या फाटकापासून ग्रंथालयापर्यंत चालताना दिसू शकते, पण मुलांना कोणी दाखवत नाही.

माझी विनंती अशी. प्रत्येक जुन्या महाविद्यालयाने निदान एक व्हरांडा आहे तसा ठेवावा. जिथे फरशी काढणे भागच आहे, तिथे धड निघालेल्या फरश्या आवारात झाडाखाली पुन्हा बसवाव्यात आणि शेजारी पाटी लावावी: दगड कोणता, खाण कुठली, वय किती. केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात भूशास्त्र शिकवले जाते. तिथल्या विद्यार्थ्यांनी या पाट्यांचा मजकूर करून द्यावा.

फरशी काढताना आधी सांध्यातला चुना खरवडावा आणि कडेच्या फरशीपासून सुरुवात करावी, म्हणजे बहुतेक अखंड निघतात. हे दाखवायला मी कोणत्याही कॉलेजात येईन, मजुरी नको.

– एक निवृत्त फरशी मिस्त्री, बाळे, सोलापूर