नाव न सांगणाऱ्या स्वयंसेवकांचे आभार

१९०५ साली शिकागोमध्ये पॉल हॅरिस यांनी तीन परिचितांसह रोटरी क्लबची पहिली बैठक घेतली, हे सर्वत्र नोंदलेले आहे. पुढे त्याच शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी क्लबने जो पाठपुरावा केला, त्यात खपलेल्या साध्या सभासदांची नावे मात्र सहसा कोणी घेत नाही. हे आभार अशाच मंडळींचे आहेत.

१९२५ साली हेलन केलर यांनी लायन्स क्लबच्या अधिवेशनात दृष्टिहीनांसाठी पुढे येण्याचे आवाहन केले. तेव्हापासून नेत्रशिबिरांत वृद्धांचा हात धरून त्यांना तपासणीच्या खुर्चीपर्यंत नेणाऱ्यांचे, त्यांचे नाव-वय शांतपणे लिहून घेणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत.

सर्वांत मोठे ऋण पोलिओच्या कामाचे आहे, असे मला मनापासून वाटते. १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये रोटरीने सुरू केलेले लसीकरण १९८५ पासून जगभराचे कार्य झाले. ही लस उष्णतेने लवकर खराब होते, म्हणून बर्फाच्या पेट्या खांद्याला लावून घरोघर फिरणे, कुपीवरील वर्तुळातला, उष्णतेने गडद होत जाणारा चौकोन अजून फिकट आहे ना हे पाहणे, रडणाऱ्या बाळाच्या तोंडात दोन थेंब घालून त्याच्या बोटावर शाईची खूण करणे आणि नकार देणाऱ्या घरी न रागावता पुन्हा जाणे, हे सारे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून ज्यांनी विनामोबदला केले, त्या सर्व स्त्री-पुरुषांचे आम्ही अंतःकरणपूर्वक आभार मानतो.